पडल्यावर काय जातं?

काळा पडदा, मधोमध मारिओचं चिमुकलं चित्र आणि त्यापुढे गुणिले तीन. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम घरी आला, तेव्हा 'लाइफ' या शब्दाचा अर्थ मला या पडद्यानं शिकवला. आमचं यंत्र जपानी फॅमिकॉमची नक्कल होतं. कॅसेटमध्ये फुंकर मारल्याशिवाय ते चालत नसे. दुसरा रिमोट लवकरच बिघडला. मग माझी लाइफ गेली की रिमोट दादाकडे, त्याची गेली की माझ्याकडे. खड्ड्यात पडल्यावर काय जातं, याबद्दल तेव्हा मनात शंकाच नव्हती. पाळी जाते.

पडणाऱ्याकडून नेमकं काय काढून घ्यायचं? मारिओच्या खेळांनी या प्रश्नाचं उत्तर चार दशकं बदलत आणलं आहे. या मालिकेची खरी गोष्ट मला उड्यांपेक्षा या उत्तरांमध्ये दिसते.

पहिलं उत्तर सरळ होतं: पैसे. शिगेरु मियामोतो यांचा 'डाँकी काँग' 1981 साली आला तो दुकानातल्या यंत्रावर. नाणं टाका, मोजके मारिओ मिळतील, ते संपले की पुन्हा नाणं टाका. खेळणारा पडत राहिला तरच गल्ला भरणार.

1985 साली 'सुपर मारिओ ब्रदर्स' घरातल्या टीव्हीवर आला. तिथे नाणं टाकायला जागाच नव्हती, तरी तीन लाइफ सोबत आल्या. सवय हे एक कारण असेल, पण दुसरं मला जास्त पटतं. अख्खा खेळ 40 किलोबाइटमध्ये बसवलेला होता. ढग आणि झुडपं यांचं चित्र एकच, फक्त रंग बदललेला. टप्पे 32. कसलेला खेळाडू गुप्त वाटांनी पाच मिनिटांच्या आत शेवट गाठतो. एवढासा खेळ महिनोन्महिने पुरवायचा, तर हरलेल्याला पहिल्या टप्प्यावर परत पाठवणं भागच होतं. पैशांच्या जागी आता वेळ जाऊ लागला.

पण याच खेळाच्या पहिल्या टप्प्यात वेगळ्या विचाराचं बीज आहे. शेवटाकडे पायऱ्यांचे दोन ढिगारे समोरासमोर येतात. त्यांच्यामधली जमीन सपाट आहे. उडी चुकली तर खाली उतरा, पुन्हा चढा, पुन्हा मारा. थोडं पुढे गेलं की जवळपास तशीच जोडी पुन्हा येते, आणि या वेळी मध्ये खड्डा असतो. एक अक्षरही न लिहिता खेळ आधी फुकटात पडू देतो आणि मग किंमत लावतो. चांगला शिक्षकही वेगळं काय करतो?

हे बीज लगेच रुजलं नाही. 1986 सालचा जपानमधला दुसरा भाग तर उलट्या दिशेनं गेला. खाल्लं की नुकसान करणारं विषारी मशरूम, उडी भलतीकडे नेणारा वारा. अमेरिकेत तो तेव्हा गेलाच नाही. तिथे 1988 मध्ये एक वेगळाच जपानी खेळ मारिओची पात्रं घालून पाठवला गेला. कठीण खेळ आणि जाच यांत फरक आहे, हे त्या दोन वर्षांत लख्ख दिसतं.

1990 च्या 'सुपर मारिओ वर्ल्ड'मध्ये खेळ साठवता येऊ लागला. लोडशेडिंगनं अनेक डाव बुडालेल्या माझ्यासारख्यांना त्याचं मोल वेगळं सांगायला नको. 1996 च्या 'सुपर मारिओ 64'मध्ये तिसरी मिती आली, आणि डोंगरावरून घसरलेला मारिओ बहुतेक वेळा मरण्याऐवजी पायथ्याशी पोचू लागला. पुन्हा चढणं हीच शिक्षा. लाइफचा आकडा कोपऱ्यात उरला खरा, पण खेळ बंद करून चालू केला की त्या पुन्हा चार. पुढे तर चलनफुगवटाच झाला. 2012 च्या 'न्यू सुपर मारिओ ब्रदर्स 2'नं दहा लाख नाणी जमवायला सांगितलं, आणि शंभर नाण्यांना एक लाइफ हा जुना दर तसाच ठेवला.

मधल्या काळात अडलेल्याला मदत करण्याचे प्रयोग झाले. 2009 च्या वी यंत्रावरच्या खेळात एका टप्प्यात आठदा हरलं की हिरवा ठोकळा येई. तो फोडला की मारिओचा भाऊ लुइजी स्वतः तो टप्पा खेळून दाखवी. मध्येच थांबवून खेळ हाती घेता येई, तरीही मला ती मदत खुपत आली आहे. दादानं 'आण इकडे' म्हणून रिमोट ओढून घ्यावा तसं वाटतं. 2011 च्या 'थ्रीडी लँड'नं पाच वेळा हरलेल्याला शत्रूंनी इजा न होणारा पोशाख देऊ केला. तो बरा, कारण उडी आपणच मारायची.

2017 च्या 'सुपर मारिओ ओडिसी'त लाइफ उरल्याच नाहीत. पडलात, दहा नाणी गेली, चला पुढे. खेळ मिळमिळीत झाला असं मात्र मुळीच नाही. चंद्राच्या अंधाऱ्या टोकावरचा शेवटचा लांबलचक टप्पा मध्ये कुठेही थांबा देत नाही. तो पार करताना माझे तळहात 1985 च्या किल्ल्यांइतकेच घामेजले होते. कठीणपणा आणि दंड, इतकी वर्षं एकात एक गुंतलेले हे दोन धागे इथे सुटे झाले.

2023 च्या 'वंडर'मध्ये लाइफ परत आल्या, पण घड्याळ गेलं. आणि योशी किंवा नॅबिट हे पात्र निवडलं, तर शत्रूच्या धक्क्यानं काहीच होत नाही. आपल्या अंगणात याला फार जुना शब्द आहे: कच्चा लिंबू. धाकट्याला खेळात घ्यायचं, पळू द्यायचं, पण बाद धरायचं नाही. हा निर्णय तिथे हरण्याआधी होतो आणि चारचौघांत अपमान करत नाही, म्हणून हिरव्या ठोकळ्यापेक्षा तो मला कितीतरी शहाणा वाटतो.

खड्डा मात्र योशीलाही सुटलेला नाही. माझी सहा वर्षांची पुतणी योशी घेते, धावत सुटते आणि थेट खाली जाते. मग तिचं भूत पडद्यावर तरंगू लागतं. पाच सेकंदांत ते माझ्या मारिओला टेकलं, तर ती पुन्हा जिवंत. 'काका, थांब, मी येतेय!' असं ओरडत ती माझ्याकडे झेपावते, मीही मागे फिरतो, आणि या सगळ्या धांदलीत रिमोट तिच्याच हातात असतो.