अतिथीचे ऋण

एकट्यापुरते रांधणारा मनुष्य स्वयंपाकात फार पुढे जात नाही. भूक ही अतिशय उदार परीक्षक आहे. खिचडी थोडी लागली काय किंवा पोळी वातड झाली काय, ती सर्वांनाच उत्तीर्ण करून टाकते. पत्नीची बदली नागपूरला झाली आणि पुण्याच्या घरात मी एकटा उरलो, तेव्हा आरंभीचे काही महिने मी याच परीक्षकाच्या भरवशावर काढले. सकाळी पोहे, रात्री मुगाची खिचडी, कंटाळा आला की कोपऱ्यावरचे पोळी-भाजी केंद्र. पोट भरत होते, हात मात्र जिथल्या तिथे होता. पुढे एका शनिवारी चार मित्रांना जेवायला बोलावले आणि हळूहळू तो प्रघातच पडला. आज मला जो काही स्वयंपाक येतो तो त्या शनिवारांनी शिकवलेला आहे.

पुस्तके हाताशी होती. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ 1970 साली प्रसिद्ध झाले, आणि लग्न होऊन सासरी किंवा परदेशी निघालेल्या किती मुलींच्या सामानात ते गेले असेल याची गणती नाही. त्या ग्रंथाचे मोठेपण त्यातील प्रमाणात आहे. पिढ्यानपिढ्या ‘अंदाजाने’ सांगितले गेलेले ज्ञान कमलाबाईंनी वाटी आणि चमच्याच्या मापात आणून ठेवले. ज्याच्या शेजारी आई किंवा सासू उभी नाही, अशालाही त्यामुळे शेगडीपाशी जाण्याचे धैर्य झाले. परंतु माप पदार्थाचे असते, जेवणाचे नसते. आमटी कशी करावी हे पुस्तकातून कळते. आमटी, भात, उसळ, कोशिंबीर आणि पोळ्या हे सारे ठरल्या वेळी एकत्र पानात कसे यावे, हे मात्र कोणी जेवायला येणार असल्याखेरीज कळत नाही.

कारण पाहुण्यांची वेळ ठरली की सगळे गणित शेवटाकडून मांडावे लागते. शनिवारी रात्री मटकीची उसळ हवी असेल तर मटकी गुरुवारी रात्री भिजत पडली पाहिजे, शुक्रवारी सकाळी निथळून फडक्यात बांधली गेली पाहिजे. आणि थंडीचे दिवस असतील तर मोड यायला आणखी वेळ लागेल हे धरून चालले पाहिजे. कणीक अर्धा तास आधी मळून झाकून ठेवावी. काकडी आधी चोचवून ठेवता येते, पण मीठ घालायचे ते पाने घेताना. आधी घातले तर कोशिंबिरीला पाणी सुटते. कुकर उतरल्यावर त्याची वाफ आपली आपण जिरेपर्यंतचा अवधीही हिशेबात धरावा लागतो, कारण त्याला घाई चालत नाही. प्रत्येक पदार्थाचा स्वतःचा एक काळ असतो आणि तो आपल्या सोयीने आखडत नाही. कार्यालयात मी आयुष्यभर वेळापत्रके केली. पण त्यांत विलंबाचे स्पष्टीकरण देण्याची सोय असते. गार पोळीचे स्पष्टीकरण देऊन उपयोग नसतो. एका मित्राने ते फार नेमके सांगितले होते : “आमटी उत्तम झालीय रे, पण तुझ्या पोळ्या होईपर्यंत ती गार होते.” त्या एका वाक्याने मला माझ्या कामाचा क्रम बदलायला लावला.

संख्येचेही तसेच. दोघांचे करता येते म्हणून सहाजणांचे करता येते, असे नाही. एका वाटी तांदळाला उघड्या पातेल्यात दोन-अडीच वाट्या पाणी लागते. म्हणून पाच वाट्यांना त्याच्या पाचपट घातले तर भात आसट होतो. तांदूळ जे पाणी शोषून घेतो ते त्याच्या मापाने वाढते. वाफ होऊन जाणारे पाणी मात्र पातेल्याच्या तोंडावर आणि वेळेवर अवलंबून असते, ते पाचपट होत नाही. भरल्या वांग्यांच्या वाटणासाठी कांदा परतायला घ्यावा, तर शेगडीची आच तेवढीच आणि कढईही तेवढीच. सगळा कांदा एकदम पडला की तो परतला जात नाही, स्वतःच्या पाण्यात नुसता शिजतो आणि मसाल्याला रंगही येत नाही, चवही येत नाही. लग्नकार्यातील आचाऱ्यांना हे उपजत ठाऊक असल्यासारखे वाटते. ते उपजत नसते. शेकडो पंगतींनी ते त्यांच्या हातात उतरवलेले असते.

येथे आपल्याकडच्या आग्रहाविषयी थोडे बोलले पाहिजे. आग्रहाने वाढणे हा आतिथ्याचा गुण मानला जातो, आणि यजमान सुगरण असेल तर तो आहेही. शिकणाऱ्याने मात्र आग्रह करू नये. भिडेपोटी खाल्लेला घास काहीच सिद्ध करीत नाही. पाहुणे गेल्यावर कोणत्या भांड्यात किती उरले आहे ते पाहावे. शब्दांपेक्षा ती साक्ष अधिक विश्वासार्ह असते. चांगले मित्र तोंडाने प्रशंसा करतात आणि भाजी मात्र दुसऱ्यांदा घेत नाहीत.

आपल्या परंपरेने अतिथिसत्काराची गणना गृहस्थाच्या पंचमहायज्ञांत केली आहे. त्या व्यवस्थेत यजमान दाता आणि अतिथी ग्रहीता, हे गृहीतच आहे. शिकाऊ माणसाच्या घरी हा संबंध उलट होतो. आपली सायंकाळ, आपली भूक आणि आपली जीभ दुसऱ्याच्या अभ्यासासाठी स्वाधीन करणारा पाहुणाच तिथे दाता असतो. अन्न माझे होते, पण शिक्षण त्यांनी दिले. अपयश आले तरी पुढच्या शनिवारी ते पुन्हा येत, आणि या पुन्हा येण्याएवढे मोठे प्रोत्साहन कोणत्याही विद्यार्थ्याला मिळत नसावे.

हा विचार मला जिथे घेऊन गेला तिथे जाण्याची माझी तयारी नव्हती. माझी आईही दुसऱ्यांना जेवू घालूनच स्वयंपाक शिकली. विशीच्या आत लग्न होऊन ती भरल्या घरात आली, आणि आल्या दिवसापासून तिच्यापुढे पंगत होती. बाह्यतः आम्हा दोघांचे शिक्षण एकाच पद्धतीचे म्हणता येईल. पण माझे पाहुणे मी निवडलेले होते, तिचे नव्हते. मी आठवड्यातून एकदा रांधत होतो, ते माझ्या इच्छेने. तिला दिवसातून दोनदा रांधायचे होते आणि इच्छेचा प्रश्नच नव्हता. मी मित्रांबरोबर पानावर बसत होतो. ती सर्वांची जेवणे आटोपल्यावर उरेल ते घेऊन बसे. आळणी झालेल्या एखाद्या भाजीचा उल्लेख आमच्या घरात वर्षानुवर्षे विनोद म्हणून होत राहिला. मधल्या काळातील हजारो निर्दोष जेवणांचा उल्लेख कोणी केल्याचे मला स्मरत नाही. मीही केला नाही. आणि मी केलेल्या साध्या आमटीचे मात्र चारजण कौतुक करीत होते, कारण ती पुरुषाने केली होती.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात या अंतराचे माप आहे. घरच्यांसाठी विनावेतन घरकाम करणारी स्त्री त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवते, पुरुष 97. आणि मुळात अशा कामाला हात लावणाऱ्या पुरुषांचे प्रमाणच शंभरात सुमारे 26 आहे, स्त्रियांचे 81. आकडे वाचताना मला माझे शनिवार आठवले. त्यांना मी कष्ट म्हणत होतो. वस्तुतः तो छंद होता. ज्या कामातून आपल्याला हवे तेव्हा उठून जाता येते, त्या कामाचे ओझे किती हे आपल्याला ठाऊक आहे असे म्हणू नये.

कौशल्य दुसऱ्याच्या दृष्टीसमोरच येते, याविषयी आता माझ्या मनात शंका नाही. परंतु ती दृष्टी मित्राची आहे की न्यायाधीशाची, यावर त्या शिक्षणाची जात ठरते. एकाच शेगडीपाशी एकाला विद्या मिळते आणि दुसरीला शिक्षा भोगावी लागते. दोन्हींच्या शेवटी भात सारखाच मोकळा होतो, म्हणून हा भेद आपल्या लक्षात येत नाही. आईला हे सारे सांगावे असे वाटले तेव्हा ती राहिली नव्हती.

वाचकांपाशी एक विनंती आहे. कोणी नवशिका जेवायला बोलावील तर अवश्य जा. आणि घरी रोज ज्यांच्या हातचे जेवता, त्यांनाही आज पानावरून उठण्यापूर्वी नेमके काय चांगले झाले आहे ते सांगा, काही उणे असेल तर तेही सांगा; आणि मग त्यांना बसवून ठेवून स्वयंपाकघर आवरायला स्वतः उठा.