दुअंमल

न्यू हेब्रिडीज बेटांवरच्या राजवटीविषयी लिहायला बसलेला माणूस पहिल्या पानावरच वाचकाला हसवतो. तो मोह मलाही आवरत नाही, म्हणून ते किस्से आधी सांगून मोकळा होतो. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला, प्रशांत महासागरात, सुमारे ऐंशी बेटांचा हा समूह आहे. आजचे त्याचे नाव व्हानुआटू. १९०६ साली इंग्लंड आणि फ्रान्स यांनी करार करून त्यावर संयुक्त अंमल बसवला. बेटांची वाटणी केली नाही. सगळी बेटे दोघांची. मग दोन रेसिडेंट कमिशनर, दोन पोलीसदले, दोन तुरुंग, दोन चलने, दोन आरोग्यखाती, दोन शिक्षणखाती असा संसार थाटला गेला. व्हिला या राजधानीत फ्रेंच रेसिडेन्सी टेकडीवर आणि इंग्रज रेसिडेन्सी बंदरातल्या इरिरिकी बेटावर. दोन्ही निशाणे अगदी एकाच उंचीवर आहेत ना, याची मोजणी होई म्हणतात. संयुक्त न्यायालयात एक न्यायाधीश इंग्रज, एक फ्रेंच, आणि पक्षपात नको म्हणून अध्यक्ष स्पेनच्या राजाने नेमलेला. हा पहिला अध्यक्ष, बुएना एस्पेरांझाचा काउंट, कानांनी अधू होता आणि पक्षकारांच्या भाषाही त्याला धड येत नव्हत्या, अशी दंतकथा आहे. 'काँडोमिनियम' या सरकारी नावाचे तिथल्या गोऱ्या लोकांनीच 'पँडेमोनियम' करून टाकले होते.

किस्से खरेच गमतीचे आहेत. पण ते सांगतो कोण? कारकून, मळेवाले, सुट्टीवर घरी गेलेले अधिकारी, बेटांवर काही वर्षे काढून परत जाऊन पुस्तक लिहिणारे प्रवासी. या विनोदात मूळ रहिवासी येतो तो फार तर दारात उभा राहून हा तमाशा पाहणारा प्रेक्षक म्हणून. मला वाटते, वसाहतींच्या इतिहासात क्रौर्याइतकाच विनोदाचाही संशय घ्यायला हवा. क्रौर्याची निदान चौकशी होते. गमतीची कोणी करत नाही.

दोन सरकारांचा एकच मुलूख आपल्याला अगदीच अपरिचित नाही. अठराव्या शतकात वऱ्हाडावर निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा दुअंमल होता. १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांचा हक्क संपला तेव्हा तो सुटला. कुणब्याच्या बाजूने पाहिले की दुअंमलाचा अर्थ सोपा असतो: मागायला दोघे येतात. न्यू हेब्रिडीजमध्ये त्याची दुसरी बाजूही उघडी पडली. हक्क सांगताना दोन सत्तांची बेरीज होते, जबाबदारी घेण्याची वेळ आली की वजाबाकी.

ती वजाबाकी करारातच लिहून ठेवलेली होती. बेटांवर येणारा कोणी तिसऱ्या देशाचा असेल, जर्मन म्हणा, स्वीडिश म्हणा, तर त्याने ठरावीक मुदतीत इंग्रज किंवा फ्रेंच यांपैकी एका कायद्याची निवड करायची होती. निवड केली की त्याच्या पाठीशी एक सरकार, एक न्यायालय, एक वकिलात उभी राहत असे. बेटावर जन्मलेल्या माणसाला मात्र ही निवड नव्हती. त्याने ना ब्रिटिश प्रजाजन व्हायचे, ना फ्रेंच नागरिक. या बेटांत राहून त्याला यांपैकी कोणाचे संरक्षितही होता येणार नाही, असे कराराने ठरवले. स्वतःच्या राजाची प्रजा तो नव्हताच, कारण त्याच्या गावाच्या वर कोणी राजा नव्हता. म्हणजे आपल्याच बेटावर तो कायद्याच्या दृष्टीने कोणाचाच नव्हता, पण हुकूम दोघांचे पाळायचे होते. बेटांबाहेर जायचे तर हातात पासपोर्ट नव्हे, दोन्ही साहेबांनी दिलेला ओळखीचा कागद.

हा दुअंमल आभाळातून पडला नव्हता. आधीचे शतक चंदनाने आणि माणसांच्या व्यापाराने गाजवले होते. १८२५ मध्ये पीटर डिलन याला एरोमांगो बेटावर चंदन सापडले आणि जहाजांची रीघ लागली. मागोमाग मिशनरी आले, गोवर आला. चंदन संपल्यावर माणसे न्यायला सुरुवात झाली. १८६३ मध्ये रॉबर्ट टाऊन्स याने 'डॉन हुआन' नावाच्या जहाजातून ६७ बेटवासी क्वीन्सलंडमध्ये कापसाच्या मळ्यासाठी उतरवले. पुढच्या चाळीस वर्षांत मेलानेशियातून सुमारे ६२ हजार माणसे क्वीन्सलंडला नेली गेली, बहुतांश ऊसाच्या मळ्यांत. काही फसवून, काही पळवून, काही आपण होऊन, दुसऱ्या-तिसऱ्यांदासुद्धा. आपण होऊन गेलेल्यांचा उल्लेख करणे जिवावर येते, कारण त्यामुळे दोष हलका होईल अशी भीती वाटते. पण बेटांवरची तरुण मुले जग पाहायला, बंदूक कमवायला, गावातल्या वडीलधाऱ्यांच्या कचाट्यातून सुटायला जहाजावर चढत होती हेही खरे. त्यांना केवळ बळी ठरवणे हा त्यांच्यावरचा आणखी एक अन्याय होईल. पुढे 'गोरा ऑस्ट्रेलिया' हवा म्हणून १९०१ च्या कायद्याने तेव्हा तिथे असलेल्यांतल्या बहुतेकांना परत पाठवण्यात आले. म्हणजे दारू आणि मजूर यांबाबत फ्रेंचांना नावे ठेवणारे इंग्रज धुतल्या तांदळासारखे नव्हते. आपल्या न्यू कॅलिडोनिया या वसाहतीतल्या निकेलच्या खाणींना माणसे पुरवणारे फ्रेंचही नव्हते.

जमिनीची गोष्ट जॉन हिगिन्सनपासून सुरू होते. जन्माने आयरिश, पैशाने न्यू कॅलिडोनियाचा, १८७६ पासून कागदोपत्री फ्रेंच. बेटे फ्रान्सच्या झोळीत पडावीत म्हणून त्याने १८८२ मध्ये कंपनी काढली आणि प्रचंड जमिनीवर हक्क लावला. कागदावर अंगठे होते, कधी कापडाच्या तर कधी तंबाखूच्या मोबदल्यात. अंगठा देणाऱ्याच्या मनात काय असेल? या बेटांवर रताळ्यासारख्या यामच्या कंदाची लागवड फिरती असे. एकाने जागा वापरायची, दुसऱ्याच्या पूर्वजांचे तिच्याशी नाते असायचे, तिसऱ्याचे तिथले झाड असायचे. असा तुकडा कायमचा विकून टाकता येतो ही कल्पनाच त्या व्यवहारात बसत नव्हती. प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी इंग्लंडने बेटे घ्यावीत म्हणून ओरड सुरू ठेवली. लंडन आणि पॅरिस यांना या बेटांपायी भांडण नको होते. १८८७ मध्ये दोन्ही आरमारांचे संयुक्त मंडळ नेमले, आणि १९०६ मध्ये तो करार झाला. संयुक्त न्यायालय १९१० मध्ये सुरू झाले. बेटवाल्यांची बाजू मांडायला त्यात एक वकील नेमलेला असे. पण न्यायाधीश, अध्यक्ष आणि प्रतिवादी मळेवाला हे सगळे एकाच क्लबात बसणारे. एडवर्ड जेकोम्ब नावाच्या इंग्रज वकिलाने रेसिडेन्सीची नोकरी सोडून बेटवाल्यांचे खटले लढवले आणि १९१४ मध्ये या राजवटीवर पुस्तक लिहिले. असा एखादा माणूस प्रत्येक वसाहतीत निघतो, आणि प्रत्येक वसाहतीत तो विक्षिप्त ठरतो.

दोन गोऱ्या सत्तांमध्ये स्पर्धा असेल तर मधल्या लोकांचे फावते, अशी एक समजूत आहे. ती खोटी नाही. उत्तर अमेरिकेतल्या महासरोवरांच्या प्रदेशात फ्रेंच आणि इंग्रज एकमेकांना पाण्यात पाहत होते तोवर तिथल्या जमातींना दोघेही नजराणे देत, बोलणी करत, मान राखत. फ्रेंच हरले आणि इंग्रज सेनापती अ‍ॅमहर्स्टने नजराण्यांना कात्री लावली, तेव्हा १७६३ मध्ये पाँटिअ‍ॅकचे युद्ध पेटले. न्यू हेब्रिडीजचा धडा वेगळा आहे. भांडणारे दोघे उपयोगी पडतात, तडजोड केलेले दोघे नाही. १९०६ च्या कराराने स्पर्धा संपवली नाही, पण बेटवाल्याच्या हातून तिचा उपयोग काढून घेतला. निवडीचा हक्क नसलेल्या माणसाला दोन दुकाने असून काय फायदा?

मग लोकांनी तिसरे दार शोधले. तान्ना बेटावर प्रेस्बिटेरियन मिशनने आपलीच न्यायालये चालवून कावा नावाचे पेय पिणे, नाचणे, जुने संस्कार यांवर बंदी घातली होती. १९४० च्या सुमारास तिथे जॉन फ्रम नावाच्या कोणा पुरुषाची वार्ता पसरली: मिशन सोडा, कावा प्या, नाचा, गोऱ्यांचा पैसा फेकून द्या. मे १९४१ मध्ये चर्च ओस पडली. प्रशासनाने पुढाऱ्यांना पकडून व्हिलाच्या तुरुंगात पाठवले. दुअंमलात चपळाई होती ती एवढीच. १९४२ मध्ये अमेरिकन सैन्य उतरले. ट्रक, डांबरी रस्ते, डबाबंद अन्न यांच्याबरोबर गणवेशातले काळे सैनिकही आले. युद्ध संपल्यावर सान्तो बेटावर अमेरिकनांनी उरलेली यंत्रसामग्री स्वस्तात देऊ केली, दोन्ही सरकारांनी विकत घेतली नाही, तेव्हा ती समुद्रात लोटून देण्यात आली. आज पाणबुडे पर्यटक तिथे जातात. जॉन फ्रमच्या अनुयायांना मानववंशशास्त्राने 'कार्गो पंथ' म्हटले आणि जगाला आणखी एक गंमत मिळाली: विमानाची वाट पाहणारे भाबडे लोक. मला त्यात भाबडेपणा कमी आणि राजकारण जास्त दिसते. दोन सत्तांनी ज्यांना आपले म्हणायला नकार दिला, त्यांनी तिसरी, आपल्या बाजूची, कल्पून घेतली आणि १९५७ पासून दर १५ फेब्रुवारीला तिचे निशाण उभारले.

विद्वानांनी तरी त्यांना काय दिले? बर्नार्ड डीकन हा केंब्रिजचा तरुण मालेकुला बेटावर राहून वाळूत बोटाने काढायच्या रेखाकृती, नातेसंबंध, विधी टिपत होता. १९२७ मध्ये, अवघ्या चोविसाव्या वर्षी, तो तिथेच हिवतापाच्या जहाल दुखण्याने गेला. त्याच्या टिपणांतून कॅमिला वेजवुडने १९३४ मध्ये जो ग्रंथ सिद्ध केला, त्याच्या उपशीर्षकात मालेकुलाच्या लोकांना लोप पावत चाललेले म्हटले आहे. साथींनी बेटे ओस पाडली होती, त्यामुळे ते म्हणणे तेव्हा अतिशयोक्त नव्हते. पण लोक लोप पावले नाहीत. १९७९ च्या जनगणनेत बेटसमूहाची लोकसंख्या १ लाख ११ हजारांवर होती. वाळूतल्या त्या रेखाकृती आजही काढल्या जातात आणि युनेस्कोच्या यादीत आहेत.

स्वातंत्र्य जवळ आले तेव्हा वजाबाकी पुन्हा एकदा झाली. वॉल्टर लिनी या अँग्लिकन धर्मगुरूच्या पक्षाने निवडणूक जिंकली होती. सान्तो बेटावर जिमी स्टीव्हन्सच्या चळवळीने वेगळे राज्य जाहीर केले. या चळवळीचा आरंभ जमीन परत मिळवण्यासाठी झाला होता. शेवटी तिच्या पाठीशी फ्रेंच मळेवाले आणि अमेरिकेतले काही धनाढ्य उभे होते. इंग्रज आणि फ्रेंच सैनिक मिळून बेटावर उतरले, पण दोन्ही सरकारांचे एकमत होईना, म्हणून त्यांनी बंड मोडले नाही. स्वातंत्र्यानंतर ते पापुआ न्यू गिनीच्या सैनिकांनी मोडले. ३० जुलै १९८० रोजी व्हानुआटू स्वतंत्र झाले. बेटांवरच्या मूळ रहिवाशाला स्वतःचे असे नागरिकत्व मिळाले ते त्या दिवशी, करार झाल्यापासून ७४ व्या वर्षी. नव्या संविधानाने देशातली सगळी जमीन परंपरागत मूळ मालकांची आणि त्यांच्या वंशजांची असल्याचे जाहीर केले. हिगिन्सनच्या वारसांचे कागद तिथेच संपले. शंभराहून अधिक भाषांच्या या देशाने मजुरांच्या जहाजांवर आणि मळ्यांत वाढलेली बिस्लामा ही राष्ट्रभाषा ठरवली. शिक्षणाच्या प्रमुख भाषा म्हणून त्याच संविधानात नावे आहेत ती मात्र इंग्रजीची आणि फ्रेंचची.