दहा जणांत बाई का नाही?

एक सवाल मांडतो. यहुदी लोकांच्या सनातनी सिनेगॉगात नऊ पुरुष प्रार्थनेला जमलेत. दहावा येत नाही. पडद्यापलीकडं वीस बायका बसल्यात, प्रार्थना तोंडपाठ असलेल्या. तरी तोरा उघडून वाचली जात नाही, मेलेल्यांसाठीचा कद्दीश म्हटला जात नाही. कारण मिनयान पुरं नाही. मिनयान म्हणजे वयात आलेले दहा पुरुष. तेरा वर्षांचं पोरगं त्यात मोजलं जातं. त्याची आई मोजली जात नाही.

का? तर म्हणे तिला सूट आहे! ठराविक वेळेला करायची बरीच धर्मकर्मं रब्बींनी बाईवर बंधनकारक ठेवली नाहीत. घर आहे, लेकरं आहेत, तिला वेळ कुठं, असं कारण पुढं सांगितलं गेलं. ऐकायला माया वाटते. पण पुढची पायरी बघा. ज्याच्यावर बंधन नाही, तो बंधन असलेल्यांची प्रार्थना चालवू शकत नाही. चालवू शकत नाही, तर मोजायचं कशाला? मोजायचं नाही, तर शिकवायचं कशाला? गिरणीतला बदलीवाला आपल्याला ठाऊक आहे. फाटकाशी हजर, पण मस्टरवर नाव नाही. इथं तर नाव नसणं हाच मान म्हणून सांगतात.

बर्लिनच्या रेगिना योनासनं हे कोडं पोथीतूनच सोडवलं. 1930 साली तिनं प्रबंध लिहिला : बाई रब्बी होऊ शकते का? धर्मशास्त्र तपासून तिनं दाखवलं की आडवा येतो तो मुख्यतः पूर्वग्रह आणि सवयीचा अभाव. 1935 साली ती रब्बी झाली, जगातली पहिली बाई रब्बी. नाझींनी 1942 साली तिला तेरेझिनच्या छावणीत नेलं. तिथंही ती प्रवचनं देत राहिली. 1944 साली तिला आउश्वित्झला मारलं.

त्यानंतर दुसरं मरण. तिची आठवणच पुसली. 1972 साली अमेरिकेत सॅली प्रीझँड रब्बी झाली, तेव्हा दुनियेनं तिलाच पहिली म्हटलं. योनासचे कागद बर्लिनची भिंत पडल्यावर पूर्व बर्लिनच्या दप्तरखान्यातून उजेडात आले. मारणारे दुश्मन होते. विसरणारे कोण होते?

त्याच 1972 साली अमेरिकेत काही शिकलेल्या यहुदी तरुणी कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या रब्बींपुढं उभ्या राहिल्या. आम्हाला दहांत मोजा, रब्बी होऊ द्या, ही मागणी. आपल्या गटाला त्यांनी नाव दिलं 'एज्रत नाशीम', म्हणजे बायकांना बसवतात तीच बाजू. 1973 साली त्या पंथाच्या धर्मसमितीनं बाईला मिनयानात मोजायची मोकळीक दिली. त्या पंथात बाई रब्बी व्हायला मात्र 1985 साल उजाडलं.

हे फक्त गोऱ्यांच्या मुलखातलं नाही. कोकणात पूर्वी तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनिवार तेली म्हटले गेलेले बेने इस्रायल मराठीच बोलतात. त्यांच्यातली डॉक्टर जेरुशा झिराड लंडनला शिकली. तिथं लिली माँटेग्यू ही बाई उदारमतवादी यहुदी चळवळीची पुढारी होती. मुंबईत परतून झिराडबाईंनी 1925 साली ज्यूइश रिलिजस युनियन काढली. पोटाची डॉक्टरकी आणि धर्माची सुधारणा, दोन्ही एका बाईच्या हातनं.

आता दुसरी बाजूही ऐकू. कित्येक सनातनी यहुदी बायका म्हणतात, आम्हाला रब्बी व्हायचं नाही, आमची जागा वेगळी आहे, कमी नाही. त्यांना मूर्ख ठरवणारा मी कोण? पोलंडमधल्या क्राकोची सारा शेनिरर कपडे शिवून पोट भरायची. तिनं पुरुषांची गादी मागितली नाही, 1917 साली पोरींसाठी धर्मशाळा म्हणजे शाळाच काढली, आणि त्यातून बैस याकोव्हच्या शाळा देशोदेशी पसरल्या. तिनंही एक सूट झुगारलीच : न शिकायची.

म्हणून माझी कसोटी एवढीच. सूट नाकारायचा हक्क त्या माणसाला आहे का? असेल तर ती सूट. नसेल तर ते कुंपण, कुणी कितीही मायेनं घातलेलं असो. दहावा माणूस येईपर्यंत ताटकळत उभ्या राहिलेल्या त्या नऊ जणांना कुणीतरी हे विचारलं पाहिजे. आणि जिथं जिथं कुणी आपल्या बायकांना 'तुम्हाला कशाला त्रास' म्हणतो, तिथंही.