भोक पडलेला डुकाट

डच डुकाटवरचा शिलेदार १५८६ पासून उभाच आहे. अंगात चिलखत, एका हातात तलवार, दुसऱ्या हातात बाणांची जुडी. सात बाण म्हणजे एकत्र आलेले सात प्रांत. मागच्या चौकटीत, नाणे पवित्र रोमन साम्राज्याच्या कायद्याबरहुकूम पाडले आहे अशी लॅटिन ग्वाही. वजन जेमतेम साडेतीन ग्रॅम, सोने हजारात ९८६ भाग. ना मुखवटा बदलायचा ना कस, हीच या नाण्याची पत. ती इतकी की १७३५ पासून सेंट पीटर्सबर्गच्या टांकसाळीत रशियाचे सरकार गुपचूप हेच नाणे पाडू लागले, तेही सोन्यात खोट न करता. चोरला तो फक्त चेहरा.

मग जे नाणे मुद्दाम एकसारखे ठेवले, त्याच्या संग्राहकाने जमवायचे तरी काय? साल, प्रांत, टांकसाळीची खूण हे आहेच. पण बाजार किंमत लावतो ती मुख्यतः नाण्याच्या स्थितीला. कडा शाबूत हव्यात, शिलेदाराच्या गुडघ्यावर झीज नको, ओरखडा तर नकोच. मला यात एक विपरीत गोष्ट दिसते. बाजाराच्या लेखी आदर्श डुकाट म्हणजे ज्याने नाण्याचे काम कधी केलेच नाही असा डुकाट.

‘आकरेंडाम’ हे डच ईस्ट इंडिया कंपनीचे जहाज बटाव्हियाला निघाले आणि १७२५ च्या मार्चमध्ये नॉर्वेच्या रुंदे बेटाजवळ फुटले. जहाजावरचे सुमारे दोनशे जण बुडाले, एकही वाचला नाही. १९७२ मध्ये पाणबुड्यांना तिथे ५०,००० हून अधिक नाणी सापडली. त्यांत युट्रेक्टचे, १७२४ सालचे कोरे करकरीत डुकाट हजारोंनी होते. खजिन्याची वाटणी झाली, मोठा हिस्सा शोधणाऱ्यांना मिळाला आणि त्यातला बराचसा लिलावातून जगभर पांगला. ही नाणी देखणी आहेत, कारण ती कुणाच्या हाती पोचलीच नाहीत.

१७३५ मध्ये झीलंडच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या ‘व्हलीखेंड हार्ट’ या जहाजाची गोष्ट याहून बोलकी. त्याच्या एका पेटीत कंपनीचे २,००० डुकाट होते. पेटीबाहेरही नाणी मिळाली. ती खलाशी-प्रवाशांनी कंपनीची नजर चुकवून नेलेली असावीत, असे संशोधक मानतात. कुठले नाणे कंपनीचे आणि कुठले चोरवाटेचे, हे छाप पाहून कळत नाही. कळते ते नाणे कुठे पडले होते यावरून. ती जागा टिपून न ठेवता नाणे उचलले, की हातात उरते सोने.

म्हणून मी भोक पडलेल्या, कडी डाखलेल्या डुकाटची बाजू घेतो. यादीत त्यापुढे ‘सदोष’ लिहितात आणि किंमत पाडतात. आपल्याकडे व्हेनिसच्या डुकाटला त्यावरच्या उभ्या आकृतींमुळे ‘पुतळी’ म्हणत. ते चलन सोनाराकडून गळ्यात गेले आणि पुतळ्यांची माळ झाली. आज त्या माळेत खरे नाणे क्वचितच असते, नाव मात्र टिकले. व्यवहारातले नाणे स्त्रीधन कधी झाले, हे त्या भोकानेच सांगायचे. ते बुजवून नाणे ‘दुरुस्त’ करणारे कारागीर आहेत, आणि दुरुस्ती झाकून विकणारे व्यापारीही.

जतनाचे तंत्र तसे साधे. सोने गंजत नाही, पण इतके शुद्ध सोने मऊ असते. कापडाने प्रेमाने घासले तरी बारीक ओरखडे उमटतात आणि ते जात नाहीत. नाणे कडेने धरावे, उजळू नये, मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नये. याला शिस्त लागते, खर्च फारसा नाही. कठीण आहे ती चिठ्ठी जपणे: नाणे कुणाकडून आले, त्याआधी कुणाकडे होते, कुठल्या लिलावात कितव्या क्रमांकाला विकले गेले. घरात वाटणी होते तेव्हा डुकाट तराजूत जातात आणि चिठ्ठीसकट जुनी पाकिटे केरात. मी जुना डुकाट पाहायला मागतो तेव्हा आधी पाकीट मागतो. विक्रेते बहुधा हसतात.