खिडकीचा गज

मे महिन्यातली दुपार. वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर घरघरतोय आणि मी पलंगावर पडल्या पडल्या इतवारीहून नागभीडला निघालो आहे. गाडी छोट्या लाइनची. कुणीतरी खिडकीशी मोबाइल धरून केलेलं चित्रण. निवेदन नाही, संगीत नाही. रुळांचा खडखडाट, मधूनच भोंगा, आणि चौकटीत मधोमध खिडकीचा आडवा गज. त्याचा रंग एका जागी उडालाय, खालचं लोखंड दिसतं. दिवस दिवाळीच्या आसपासचे असावेत, कारण पऱ्हाटीला बोंडं फुटलेली आहेत. बाभळी, पळस, शेतातला एकटा मोह, सगळं डावीकडून उजवीकडे वाहत जातं. तो उडालेला रंग तेवढा जागचा हलत नाही.

बंगाल-नागपूर रेल्वेने 1908 साली सुरू केलेली ही अडीच फुटी लाइन 2019 च्या नोव्हेंबरात ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली. तेव्हा मी बसलोय त्या गाडीला आता रूळही नाहीत.

चालत्या वाहनातून दिसणाऱ्या झाडांचं कोडं आपल्याकडे जुनं आहे. आर्यभटाने 499 च्या सुमारास लिहिलं, की नावेतल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात. त्याला पृथ्वीचं फिरणं सांगायचं होतं. पुढे ज्ञानदेवांनी चौथ्या अध्यायात हीच नाव पाण्यात घातली, पण नेली दुसऱ्याच काठाला. काठावरची झाडं पळताना दिसली तरी नीट पाहणाऱ्याला ती अचल आहेत हे कळतं. तसं सगळ्या कर्मांत असूनही जो स्वतःला अकर्ता जाणतो, तो खरा. एकाच नावेत ज्योतिषीही बसला आणि योगीही, याची मला नेहमी गंमत वाटते.

माझी पंचाईत मात्र दोघांहून वेगळी. नावेतला माणूस हलत असतो आणि स्वतःला स्थिर समजतो. मी स्थिर आहे आणि माझे डोळे मला प्रवासी समजतात. ज्ञानदेवांचा माणूस सगळं करून काही करत नाही. मी काहीच न करता नागभीडला पोहोचतो, तेही तिकिटाशिवाय. हे काही अध्यात्म नव्हे, शुद्ध आळस आहे, पण त्यालाही मागणी आहे. नॉर्वेत 2009 साली बर्गन ते ऑस्लो हा सात तासांहून मोठा रेल्वेप्रवास टीव्हीवर जसाच्या तसा दाखवला, तेव्हा लाखो लोक पाहत बसले होते.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक या गाडीने वर्षानुवर्षं उमरेडला अपडाऊन करायचे. मोठ्या हौसेने त्यांना हे चित्रण दाखवलं. त्यांनी पडद्याकडे जेमतेम पाहिलं. मग चष्मा काढला, मान तिरकी केली आणि नुसतं ऐकत बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "आता पूल येते पाहा." खडखडाटाचा आवाज पोकळ झाला, पूल आला होता. मी विचारलं, "सर, बाहेरचं काही ओळखीचं दिसते का?" ते म्हणाले, "बाहेर कोण पाहे, बापू? पत्ते चालत ना आमचे."

ते उत्तर माझ्या मनातून जात नाही. अपडाऊनवाल्याला खिडकी वाऱ्यापुरतीच. दूधवाला कॅन सांभाळतो, भिवापूरकडची बाई मिरचीच्या पोत्याला पाठ लावून डुलकी घेते, पोरं परीक्षेचं बोलतात. रोजची वाट अंगात मुरते, कानांत, तोल सावरणाऱ्या पावलांत. डोळ्यांना तिचं काम उरत नाही. पाहायला लागतो तो माझ्यासारखा, ज्याचं त्या गाडीवाचून कधीच अडलं नाही. जे गाडीत होते त्यांनी पाहिलं नाही, आणि जो पाहतोय तो गाडीत नव्हता. मग ही पऱ्हाटी पाहिली कुणी? बहुधा त्या मोबाइलनेच, आणि त्याला तिचं काही नाही.

भिवापूरच्या आसपास कधीतरी माझी नजर त्या गजावर खिळली. शेतं नुसती कडेकडेने वाहत राहिली. तेवढ्यात वीज गेली, कूलर थांबला. मी चित्रण थांबवून मान वर केली, तर समोरची भिंत सरकत होती. या भ्रमाचं कारण ठाऊक आहे. रॉबर्ट ॲडम्स नावाच्या माणसाने 1834 मध्ये स्कॉटलंडमधल्या एका धबधब्याकडे टक लावून पाहिलं आणि मग शेजारच्या कड्यावर नजर वळवली, तेव्हा त्याला कडा वर चढताना दिसला. एका दिशेची गती टिपून मेंदूतल्या पेशी थकतात. मग उलट दिशेचं पारडं जड होतं. नजर एका जागी खिळलेली असली तर भ्रम जास्त ठसतो, आणि माझी खिळलेली होती.

झाडं उजवीकडे, इतवारीकडे गेली होती. खिळ्याला टांगलेलं कालनिर्णय डावीकडे, नागभीडच्या दिशेने हळूहळू सरकत होतं, आणि खिळा मात्र जागचा हलला नव्हता.