बुडणे आणि बुडवणे

अपयशाला हल्ली चांगले दिवस आले आहेत. २०१२ साली मेक्सिको सिटीत काही मित्रांनी आपापल्या फसलेल्या उद्योगांच्या हकीकती एकमेकांना सांगितल्या आणि त्या बैठकीतून पुढे अनेक देशांत होणारा कार्यक्रम उभा राहिला. २०१६ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातले प्राध्यापक योहानेस हाउसहोफर यांनी स्वतःला मिळालेल्या नकारांची यादी प्रसिद्ध केली: न मिळालेले प्रवेश, हुकलेल्या नोकऱ्या, परत आलेले लेख. २०१७ मध्ये स्वीडनमधल्या हेल्सिंगबोर्गला बाजारात न चाललेल्या वस्तूंचे संग्रहालयच उघडले. आपल्याकडच्या व्यवस्थापन संस्थांत आणि स्टार्टअपच्या मेळाव्यांतही 'माझे फेल्युअर' सांगणारा वक्ता आता लागतोच. तो बोलतो, श्रोते मनापासून टाळ्या वाजवतात, शेवटी 'यातून तुम्ही काय शिकलात?' हा प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर मिळाले की विषय संपतो.

या प्रश्नाशी माझे भांडण आहे. तो विचारणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, हे मला मान्य आहे. लाजेने माणसे घरात कोंडून घेतात, कधी त्याहून भयंकर काही करतात. त्यांना बोलते करणे हे पुण्याचे काम आहे. पण या बोलण्यात सगळी चर्चा पडलेल्या माणसाच्या मनाभोवती फिरते. तो पडला तेव्हा कोणाच्या अंगावर पडला, हे कोणी विचारत नाही.

या विषयावरची बाकीची मते मला फारशी अडवत नाहीत. अपयश असे काही नसतेच, असतात फक्त अनुभव, असे म्हणणाऱ्याने एकदा पगार थकलेल्या कामगाराशी बोलावे. प्रत्येकाला लायकीप्रमाणेच मिळते, हे मत यशस्वी माणसांनी स्वतःसाठी तयार केलेले आहे. सगळे नशिबावर सोडणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. अडवते ते एकच मत, कारण ते सौम्य आहे, सुशिक्षित आहे आणि जवळजवळ खरे आहे: अपयश म्हणजे शिकण्याची संधी.

मुळात 'फेल्युअर' या इंग्रजी शब्दाचा इतिहास या मताच्या विरोधात जातो. शब्दाचा जुना अर्थ साधा होता: जे व्हायला हवे होते ते न होणे, कमी पडणे. पुढे व्यापाराच्या भाषेत त्याला नेमका अर्थ आला, देणी भागवता न येणे. अमुक पेढी 'फेल' झाली म्हणजे तिचे दिवाळे निघाले. हा अर्थ इंग्लंड-अमेरिकेत दीर्घकाळ मध्यवर्ती होता. तिथे कर्जदारांचे तुरुंग होते. चार्ल्स डिकन्सच्या वडिलांना १८२४ साली अशाच तुरुंगात राहावे लागले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. 'फेल्युअर' म्हणजे माणसाचीच एक जात, हा अर्थ एकोणिसाव्या शतकात रुजत गेला. अमेरिकी इतिहासकार स्कॉट सँडेज यांनी २००५ च्या 'बॉर्न लूझर्स' या पुस्तकात तो प्रवास मांडला आहे. १८३७ च्या मंदीत ज्यांची रेशमाची पेढी अडचणीत आली, त्या टॅपन बंधूंपैकी लुईस टॅपन यांनी १८४१ साली न्यूयॉर्कमध्ये व्यापाऱ्यांच्या पतीची माहिती विकणारी संस्था काढली. गावोगावचे बातमीदार कळवत असत: हा सचोटीचा, हा पितो, याच्यावर भरवसा नको. आधी व्यवहार फसत असे. आता माणसाच्या स्वभावावर शेरा बसू लागला.

आजची अपयश-उत्सवाची चळवळ या शेऱ्याविरुद्ध उभी आहे, आणि तिथपर्यंत ती बरोबर आहे. पण शेरा पुसताना तिने खातेवहीच मिटली. जुन्या अर्थात अपयशाला नेहमी दुसरी बाजू होती: ज्याचे देणे राहिले तो माणूस. दिवाळे एकट्याचे निघत नाही. नव्या अर्थात हा देणेकरी गायब आहे. उरला आहे तो फक्त पडलेला माणूस आणि त्याला मिळालेला धडा.

धड्याची भाषा एवढी गोड का लागते? कारण धडा हा नफा आहे. 'मी शिकलो' म्हणणारा माणूस हिशेबाच्या शेवटी आपल्या बाजूला काहीतरी जमा दाखवत असतो. पैसे गेले, पण शहाणपण आले. हे पैसे कोणाचे होते? शहाणपण कोणाकडे आले? दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकच असतील तर माझी काही तक्रार नाही. पदरचे पैसे घालून खानावळ काढली, ती चालली नाही, माणूस शिकला. त्याने ते खुशाल सांगावे. पण पैसे वाण्याचे, भाजीवाल्याचे, चार महिने पगाराविना राबलेल्या पोऱ्याचे असतील आणि शहाणपण मालकाकडे आले असेल, तर त्याला शिक्षण म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मराठीत यासाठी दोन क्रियापदे आहेत आणि मला ती या चर्चेतली सर्वांत उपयोगी गोष्ट वाटते. बुडणे आणि बुडवणे. धंदा बुडाला, लोकांचे पैसे बुडवले. पीक बुडाले; मजुरी बुडवली. पहिल्यात काहीतरी घडते, दुसऱ्यात कोणीतरी करते आणि कोणाचे तरी जाते. इंग्रजी वर्तमानपत्रात बँक 'फेल' होते, तेव्हा त्या वाक्यात बँकेशिवाय दुसरे कोणी नसते. पण बँकेच्या बंद दाराबाहेर उभा असलेला ठेवीदार म्हणतो, 'बुडवली.'

२३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. पहिल्या आदेशाप्रमाणे खातेदाराला सहा महिन्यांत १,००० रुपयेच काढता येणार होते. ती मर्यादा नंतर टप्प्याटप्प्याने वाढली. एका बांधकाम समूहाला दिलेली प्रचंड कर्जे झाकण्यासाठी हजारो बनावट खाती दाखवली गेली, असे तपासात पुढे आले. जानेवारी २०२२ मध्ये बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली आणि मोठ्या ठेवीदारांच्या परतफेडीचे वेळापत्रक दहा वर्षांपर्यंत लांबले. सत्तरीतल्या ठेवीदाराला दहा वर्षे म्हणजे काय, ते सांगायला नको. इथे कोण काय शिकले, हा प्रश्न मला विचारावासाही वाटत नाही.

उलट, शिकणे खरोखर घडते तेव्हा ते कसे दिसते, हे बँकांच्याच इतिहासात आहे. १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून देशात ठेव विमा सुरू झाला, तेव्हा प्रत्येक ठेवीदारामागे १,५०० रुपयांपर्यंत. १९९३ पासून ही मर्यादा १ लाख होती, ती फेब्रुवारी २०२० मध्ये ५ लाख झाली. हा धडा बुडालेल्या बँकेच्या संचालकांच्या मनात राहिला नाही. तो कायद्यात उतरला आणि पुढच्या ठेवीदाराच्या हातात रुपयांच्या रूपाने पडला. मी 'शिकणे' हा शब्द एवढ्याच अर्थाने मान्य करीन: ज्याचे गेले त्याच्याकडे, किंवा उद्या ज्याचे जाऊ शकते त्याच्याकडे, काहीतरी परत पोचले पाहिजे.

धडावाद्यांचा सर्वांत आवडता दाखला इस्रोचा. १० ऑगस्ट १९७९ ला एसएलव्ही-३ चे पहिले उड्डाण फसले आणि यान बंगालच्या उपसागरात कोसळले. प्रकल्पप्रमुख होते ए. पी. जे. अब्दुल कलाम. इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः पत्रकारांपुढे गेले आणि त्यांनी जबाबदारी आपल्यावर घेतली. १८ जुलै १९८० ला उड्डाण यशस्वी झाले, तेव्हा मात्र त्यांनी कलामांना पुढे केले. कलाम हा प्रसंग आयुष्यभर कृतज्ञतेने सांगत राहिले. प्रत्येक प्रेरणादायी भाषणात तो येतो आणि त्याचा अर्थ लावला जातो की अपयशाला घाबरू नका, पुढच्या वेळी यश येईल.

मला त्या प्रसंगात अगदी वेगळे काही दिसते. यान गेले ते लोकांच्या पैशाचे. त्या लोकांसमोर कोणी उभे राहायचे, हा त्या दिवशीचा खरा प्रश्न होता, आणि धवनांनी तो ओळखला. पुढच्या वर्षी यान यशस्वी होईल असे त्यांनी सांगितले, ते समाधान म्हणून नव्हे. ते वचन होते. मुदतीसह कबूल केलेले देणे होते. समजा, धवन त्या दिवशी घरी बसले असते आणि दहा वर्षांनी एखाद्या व्यासपीठावर आपण त्या उड्डाणातून काय शिकलो हे त्यांनी रंगवून सांगितले असते. तांत्रिक धडे तेच राहिले असते. पण त्या प्रसंगाचे मोल उरले असते का?

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. प्रत्येक अपयशाला असे देण्याच्या तराजूत तोलले, तर कोणी काही करून पाहणारच नाही. मर्यादित जबाबदारीच्या कंपन्या आणि दिवाळखोरीचे कायदे याचसाठी आले. मुंबईने १८६५ चा शेअरबाजाराचा कोसळ पाहिला, घराणीच्या घराणी धुळीला मिळाली. माणसाला पुन्हा उभे राहू द्यायचे तर कुठेतरी देणे थांबवावेच लागते. मला हे सारे मान्य आहे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेमागचा विचारही मला मुळात योग्य वाटतो.

पण दिवाळखोरीचा कायदा माणसाला कशाच्या बदल्यात मोकळे करतो ते पाहा. त्याला आधी सगळी मालमत्ता सांगावी लागते, सगळ्या देणेकऱ्यांची नावे द्यावी लागतात, वह्या उघड्या कराव्या लागतात. देणेकरी प्रश्न विचारू शकतात. मग समाज, त्या देणेकऱ्यांच्या वतीने, उरलेले सोडून देतो. म्हणजे माफी असते, पण ती ज्याचे गेले त्याच्या बाजूने येते. व्यासपीठावरचा वक्ता स्वतःच स्वतःला माफ करतो आणि श्रोत्यांकडून त्यावर टाळ्यांची मोहोर घेतो. या दोन कृतींना एकाच नावाने ओळखणे मला धोक्याचे वाटते.

पैशापलीकडे गेलो की हा फरक आणखी ठळक होतो. अभियांत्रिकीत धरण फुटण्यालाही 'फेल्युअर' म्हणतात. १२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेतचे मातीचे धरण फुटले, मागोमाग खडकवासल्याचे गेले आणि मुठेच्या काठचे पुणे पाण्याखाली गेले. काम पुरे झालेले नसताना त्या पावसाळ्यात पाणी अडवले गेले होते. धरण खचू लागल्यावर जवानांनी वाळूची पोती रचून ते काही तास तगवले. खडकवासला रात्रीऐवजी दिवसा फुटले आणि त्यामुळे कितीतरी जीव वाचले. चौकशीसाठी आधी न्यायमूर्ती बावडेकरांचा आणि त्यांच्या मृत्यूनंतर न्यायमूर्ती नाईकांचा आयोग नेमला गेला. धरण पुन्हा बांधले गेले. आज त्या जलाशयाला तानाजीसागर म्हणतात आणि पुणे त्याचे पाणी पिते.

अभियंत्यांच्या दृष्टीने पानशेत हा अभ्यासाचा विषय आहे आणि तो तसा असलाच पाहिजे. मातीच्या भरावातून जाणारा निकासमार्ग कसा बांधू नये, हे त्यातून कळले. पण शहराच्या दृष्टीने तो विषय धरण पुन्हा उभे राहिल्यावर संपला नाही. पूरग्रस्तांना गोखलेनगर, सहकारनगर अशा भागांत वसवले गेले आणि त्या घरांच्या, जागांच्या मालकीचे प्रश्न पुढे कित्येक दशके रेंगाळले. धडा पूर्ण झाला तरी देणे चालूच राहिले. म्हणूनच 'आपण पानशेतपासून शिकलो' हे वाक्य अभियंत्याच्या तोंडी मला आदराचे वाटते आणि सरकारच्या तोंडी अपुरे.

आता उलटी बाजू. जिथे कोणाचेच काही बुडवलेले नाही, तिथे आपण किती कठोर असतो! दहावीला गणितात ३५ गुण न मिळालेला मुलगा कोणाचे काय लागतो? त्याने कोणाचा पगार थकवलेला नाही, कोणाची ठेव खाल्लेली नाही. तरी शेजारी-पाजारी, नातेवाईक, शिकवणीवाले त्याच्याकडे हिशेब मागतात. काही वर्षांपूर्वी त्याच्या गुणपत्रिकेवरचा अनुत्तीर्णचा शेरा जाऊन 'कौशल्य विकासासाठी पात्र' असे आले. जुलैची फेरपरीक्षा २०१५ पासून आली, तिने मुलांची वर्षे वाचवली आणि ती खरी मदत होती. शेरा बदलल्याने मात्र त्याच्या घरातली बोलणी बदलली, असे मला दिसलेले नाही. कोवळ्या वयात बुडालेल्याला आपण बुडवणाऱ्यासारखे वागवतो आणि व्यासपीठावर बुडवणाऱ्याला बुडालेल्याची सहानुभूती देतो.

आणि शेतकरी. पाऊस गेला, पीक बुडाले, सोसायटीचे आणि सावकाराचे देणे अंगावर राहिले. हे सगळ्या अर्थांनी बुडणे आहे. तो गळफास घेतो तेव्हा सरकारी मदतीसाठी तीन गोष्टी तपासल्या जातात: नापिकी, कर्जबाजारीपणा आणि कर्जवसुलीचा तगादा. कागद पुरे पडले तर ती आत्महत्या 'पात्र' ठरते, नाहीतर 'अपात्र'. सातबारा, कर्जाचा दाखला, पंचनामा हे सगळे त्याच्या विधवेने जमवायचे. ज्याने कोणाचे काही बुडवायचे मनातही आणले नाही, त्याच्या माघारी एवढी कसून चौकशी होते. असाच पंचनामा, असेच कागद, देणेकऱ्यांची अशीच नावानिशी यादी त्या वक्त्याकडे एकदा तरी मागितली जावी. ती त्याने दिली की मग काय शिकलो ते त्याने सांगावे, मी ऐकायला बसेन.