कुणीतरी पाहिलाय म्हणे

फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, मेक्सिकोच्या आखाताला लागून, सीडर की नावाचं लहान बेटांवर वसलेलं एक गाव आहे. सुवानी नदी तिथून जवळच समुद्राला मिळते. इथल्या उथळ पाण्यात गळ टाकला की काय लागायचं, ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं होतं: रेडफिश, नाहीतर ट्राउट. गेल्या वीसेक वर्षांत मात्र तिथे स्नूक लागू लागला.

हा स्नूक आपल्या जिताड्याचा दूरचा नातलग. तसाच पुढे आलेला खालचा जबडा, तसाच खाडीच्या मचूळ पाण्याचा सोस, आणि नर म्हणून वाढून पुढे मादी होण्याची तीच अजब रीत. अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक ठसठशीत काळी रेघ. गळाला लागला की असा झुंजतो की त्याच्यासाठी माणसं दूरदूरहून फ्लोरिडाला येतात. पण हा उष्ण कटिबंधाचा मासा आहे. त्याचं घर दक्षिण फ्लोरिडापासून कॅरिबियन समुद्रातून थेट ब्राझीलपर्यंत. सीडर की त्या घराच्या उंबरठ्याबाहेर पडतं.

बरं, फ्लोरिडात स्नूक विकायला १९५७ पासून बंदी आहे. तो बाजारात येत नाही, म्हणून आवकेच्या वहीत त्याची ओळही नसते. त्याला पाहणारे डोळे मुख्यतः हौशी गळवाल्यांचे. आणि गळवाल्याच्या शब्दावर जग पटकन विश्वास ठेवत नाही. दुसरंच काही लागलं असेल, मासा सांगतोय तेवढा मोठा नसेल, एखादा चुकार वाट चुकून आला असेल. यातली शेवटची शंका खरोखर योग्य आहे, कारण एकटा मासा कुठेही भरकटू शकतो. उन्हाळ्यात पाणी तापलं की कितीतरी दक्षिणेचे मासे उत्तरेकडे फिरून येतात आणि हिवाळ्यात मरून जातात. एक मासा दिसला म्हणून त्या जातीचा मुक्काम हलला असं होत नाही.

मुक्काम कशावर ठरतो, हे स्नूकनं फार कठोरपणे दाखवलं आहे. पाणी दहा-बारा अंशांच्या आसपास उतरून तसंच राहिलं की तो आधी सुस्त होतो आणि मग मरतो. जानेवारी २०१० मध्ये फ्लोरिडावर अशी थंडी दिवसेंदिवस बसून राहिली. खाड्यांतून मेलेल्या स्नूकचे खच तरंगत आले. आखाताच्या बाजूला स्नूक पकडून घरी नेण्यावर जी बंदी आली, ती उठायला २०१३ चा ऑगस्ट संपावा लागला. वर्षभराचं सरासरी तापमान काय होतं, याला त्या माशाच्या लेखी काही अर्थ नव्हता. त्याची उत्तर सीमा आखली होती ती वर्षातल्या सर्वांत थंड रात्रींनी. मला हे पुन्हा पुन्हा आठवतं. हवामान बदलतंय म्हणताना आपण सरासरीच्या अर्ध्या-एक अंशाची गोष्ट करतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, एवढ्यानं काय होणार? पण ती जीवघेणी रात्र दरवर्षी यायची ती दहा वर्षांतून एकदा येऊ लागली, तर किनाऱ्याचा सगळा रहिवासच बदलतो. सीडर कीला तिवरांचंही तेच झालं. पूर्वी कडाक्याची थंडी ती झाडं जाळून टाकायची. ती आता टिकतात, पसरतात आणि मिठागवताच्या जागा घेतात. त्यांच्या मुळांत स्नूकच्या पिलांना आसरा मिळतो. शिवाय या भागातल्या झऱ्यांचं पाणी बाराही महिने बावीसेक अंशांवर असतं. थंडीत त्यांच्या ऊबेला समुद्रगायीसुद्धा येतात.

म्हणून 'मासा पाहिला' या वाक्यामागे विचारायचे प्रश्न खरे वेगळेच असतात. हिवाळ्यानंतरही दिसला का? लहानमोठे, निरनिराळ्या वयांचे दिसले का? आणि पिलं सापडली का? सीडर कीच्या पाण्यात जाळी ओढून संशोधकांनी हेच तपासलं. स्नूक वर्षागणिक वाढताना दिसला, वेगवेगळ्या वयांचा दिसला, आणि शेवटी बोटाएवढी पिलंही मिळाली. २०२० साली हे काम प्रसिद्ध झालं. गळवाले काठावर जे सांगत होते, ते आता शास्त्राच्या पानावर आलं. या घटनेत मला गळवाल्यांचा विजय आणि शास्त्रज्ञांचा पराभव दिसत नाही. एकानं सांगितलं, दुसऱ्यानं शंका घेतली आणि शंका फेडायला स्वतः पाण्यात उतरला. दोघंही आपापल्या कामाशी प्रामाणिक राहिले.

पनामात काठावरच्या सांगण्यापासून शास्त्राच्या पानापर्यंतची ही वाट कितीतरी लांब पडली. टार्पन हा अटलांटिकचा चंदेरी, माणसापेक्षाही लांब वाढणारा मासा. पनामा कालवा १९१४ मध्ये खुला झाला. कालव्याच्या मधोमध गातुन सरोवर आहे, आणि त्याच्या गोड्या पाण्यापुढे बहुतेक समुद्री मासे हात टेकतात. टार्पनला गोडं पाणी चालतं. पाण्यात प्राणवायू कमी पडला तर तो वर येऊन सरळ हवा गिळतो. १९३० च्या दशकाच्या अखेरीस तो पॅसिफिकच्या बाजूला दिसल्याच्या नोंदी आहेत. तिथून पुढे ऐंशी वर्षं तो कुठे कुठे पोचला, याचा धागा मुख्यतः कोळ्यांच्या सांगण्यातूनच मिळत राहिला. ग्वाटेमालापासून कोलंबिया-एक्वाडोरच्या सीमेपर्यंत विखुरलेल्या या सांगण्यांचा मागोवा घेऊन २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी त्यांचा एकत्र नकाशा मांडला. तोवर, म्हणजे २०१६ पासून, कालव्याला आणखी मोठी दारं झालीही होती.

अशा सांगण्याचं काय करावं, याचं मला पटलेलं उत्तर ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण टोकाला, टास्मानियात आहे. तिथल्या विद्यापीठानं २००९ मध्ये 'रेडमॅप' सुरू केलं. गळ टाकणारे, पाणबुडे, बोटवाले यांनी आपल्या पाण्यात एरवी न दिसणारा मासा पाहिला की फोटो आणि जागा कळवायची. त्या त्या जातीचा जाणकार तो फोटो बघून ओळख पक्की करतो आणि कळवणाऱ्याला उत्तर देतो. बस, एवढंच. पण यात माणसाच्या शब्दाला मान आहे आणि कसोटीही आहे. टास्मानियाचा पूर्व किनारा जगाच्या सरासरीच्या कितीतरी पट वेगानं तापतो आहे, कारण उत्तरेकडून येणारा उष्ण प्रवाह दक्षिणेकडे अधिकाधिक सरकतो आहे. तेवढ्या लांब किनाऱ्यावर रोज नजर ठेवायला कुठल्या संस्थेकडे माणसं पुरणार? नजर ठेवू शकणारी माणसं आधीच पाण्यावर असतात. त्यांना कुणीतरी विचारावं लागतं.

आपल्याकडची तारली अशीच सरकली. एके काळी केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्याची समजली जाणारी ही मासळी १९८० च्या दशकानंतर उत्तरेकडे आणि पूर्व किनाऱ्यावरही वाढत गेली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं ते आकड्यांत नोंदवलं आहे. तारली विकली जाते, मोजली जाते, म्हणून तिचा प्रवास वहीत उमटला. जी मासळी विकली जात नाही, जाळ्यातून परत समुद्रात टाकली जाते, तिचा प्रवास फक्त तांडेलाच्या डोळ्यांपुढून जातो.

मला सर्वांत जास्त छळते ती गोष्ट मात्र याच्या उलट बाजूची आहे. नवा मासा आला की गावभर बोभाटा होतो, फोटो निघतात. जुना मासा नाहीसा होतो तेव्हा बोलण्यासारखं काही घडतच नाही. आज लागला नाही, उद्या लागेल, असं म्हणता म्हणता वर्षं जातात. टास्मानियाच्या पूर्व किनाऱ्यावरची महाकाय केल्पची समुद्री वनं जवळजवळ सगळी गेली. त्या वनांना 'धोक्यात' म्हणून सरकारी संरक्षण मिळालं ते २०१२ साली. तोवर पाहण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. म्हणून किनाऱ्यावर कुणी म्हातारा नाखवा भेटला, तर नवीन काय लागलं हे विचारून झाल्यावर मी त्याला एवढंही विचारते: तुमच्या लहानपणी लागायचा आणि आता लागत नाही, असा कोणता? उत्तरं येतात ती एका नावावर थांबत नाहीत, आणि ती लिहून घेणारी वही मला अजून कुठे दिसलेली नाही.